तारुण्यपीटिका : एक शब्द आणि त्यामागचे मौन



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी मुलींच्या अभ्यासाइतकीच त्यांच्या प्रकृतीची काळजी वाहिली. म्हणून आज साहित्याचा विषय बाजूला ठेवून मी मुलींच्या चेहऱ्यावरील मुरुमांविषयी बोलणार आहे. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ असले तरी ती पदवी मराठीची आहे. तिच्या भरवशावर कोणी माझ्याकडे मलम मागू नये! मी शब्दांच्या वाटेनेच या विषयाकडे जाणार आहे.

आपण मुरूम म्हणतो, पुटकुळी म्हणतो. आपल्या कन्नड शेजारणी मोडवे म्हणतात. ग्रांथिक मराठीतला ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द मात्र नावाबरोबर वयही सांगतो. सुश्रुतसंहितेत यांना ‘मुखदूषिका’ म्हटले आहे. तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पीटिकांना तेथे सावरीच्या काट्यांची उपमा दिली असून त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. वयाबरोबर येणारे आणि क्षुल्लक, ही समजूत अशी फार जुनी आहे. पुष्कळ मुलींच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु काही मुलींच्या बाबतीत ती खरी नसते, आणि आज मला त्यांच्यासाठी बोलायचे आहे.

‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905 साली रूढ केला. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो आला आहे. आपला ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द त्या अर्थाला अगदी साजेसा आहे. स्त्रीच्या शरीरातही अंडाशय आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथी थोड्या प्रमाणात पुरुषसंप्रेरके निर्माण करतात. वयात येताना त्यांच्या प्रेरणेने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, रोमरंध्रांची तोंडे बुजतात, आत जंतू वाढतात आणि त्वचा सुजून लाल होते. मासिक पाळीच्या आधी मुरूम वाढतात ते संप्रेरकांच्या चढउतारामुळे. यात मुलीचा दोष तो कोणता? तरीही घरात बोल तिलाच लागतो : तोंड धूत नाहीस, तळलेले खातेस, रात्री जागतेस. आमच्या धारवाडात तर पेढ्यावरही आळ येतो! अतिगोड आणि मैद्याच्या पदार्थांचा मुरुमांशी काही संबंध संशोधकांना आढळला आहे. पण सारे खापर एका पेढ्यावर फोडता येणार नाही.

आता दुसरी बाजू. मुरूम हट्टी आहेत, पंचविशीनंतरही हटत नाहीत, हनुवटीवर किंवा ओठावर राठ केस येत आहेत, डोक्यावरचे विरळ होत आहेत, मानेवर काळसर मखमली पट्टा दिसतो आहे आणि पाळी लांबते आहे, अशी लक्षणे एकत्र आली तर ती शरीराने दिलेली सूचना समजावी. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. तीन वर्षे उलटल्यावरही दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून अधिक अंतर वारंवार पडत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या विकाराला आज घरोघर ‘पीसीओडी’ म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी 1935 साली त्याचे वर्णन केले. यात पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून त्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे अंडाशय पुरुषसंप्रेरके अधिक निर्माण करतो. येथेही शब्दाने घोटाळा केला आहे. ‘अंडाशयात गाठी’ असे ऐकून मुलगी आणि तिची आई दोघी हादरतात. वास्तविक त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटे असतात. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये, असे 2018 पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे सांगणे आहे.

हा विकार दुर्मिळ नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. एका निकषाने 22.5 टक्के, तर अधिक काटेकोर निकषाने 10.7 टक्के मुलींत तो आढळला. म्हणजे काटेकोर हिशेब धरला तरी चाळीस मुलींच्या वर्गात चौघी. वेळीच लक्ष दिले, नियमित व्यायाम आणि आहार सांभाळला, गरजेप्रमाणे औषध घेतले, तर तो आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केले तर पुढे मधुमेहाचा आणि गर्भधारणेतील अडचणींचा धोका वाढतो.

अध्यापनाच्या काळात मी अशा मुली पाहिल्या आहेत. उत्तर ठाऊक असूनही त्या उभ्या राहात नसत; ओढणी गालावर ओढून शेवटच्या बाकावर बसत. ‘लग्न झाले की जातील’ हे आश्वासन आणि ‘पाहायला येणार आहेत, काहीतरी लाव’ ही घाई, या दोहोंच्या मध्ये त्यांचे दुखणे राहून जाई. त्या घाईतूनच गोरेपणाची म्हणून स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्याला लागतात. त्यांनी चार दिवस बरे वाटते. पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम अधिक उसळतात. केंद्र शासनाने 2018 साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले सोसून, शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. एवढे होऊनही आपल्या घरांत पाळीचा उल्लेख ‘अडचण’ असाच होतो. ज्या गोष्टीचे नाव घ्यायला मुलगी संकोचते, तिच्याविषयी ती डॉक्टरांना काय सांगणार?

म्हणून आयांना माझी विनंती आहे : मुलीच्या चेहऱ्याकडे पाहाल तेव्हा तिच्या पाळीची चौकशीही करा. शिक्षिकांनी शेवटच्या बाकाकडे लक्ष ठेवावे. आणि मुलींनो, तुम्ही पाळीच्या तारखा वहीत मांडून ठेवा आणि ती वही घेऊन निःसंकोच डॉक्टरांकडे जा. बाईंच्या शाळेत शिकलेल्या मुलीला आपल्या शरीराविषयी चार वाक्ये स्पष्ट मराठीत, अथवा कन्नडात, बोलता यावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.