शिळ्या पावाचें सणाचें सारण



अमेरिकेंत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं ‘थँक्सगिव्हिंग’ नांवाचा सण साजरा होतो. मराठींत त्याला कृतज्ञतेचा दिवस म्हणतां येईल. त्या दिवशीं दूरदूरचीं मुलेंबाळें आईबापांच्या घरीं जमतात आणि मेजाच्या मधोमध भाजलेला टर्की पक्षी ठेवला जातो. त्या पक्ष्याची कीर्ति जगभर पसरली आहे. परंतु त्याच्या शेजारीं एका साध्या भांड्यांत जो पदार्थ असतो, त्याच्यावांचून तेथील कित्येकांना सण झाल्यासारखा वाटत नाहीं. तो पदार्थ म्हणजे शिळा पाव आणि सुगंधी पाला यांचें सारण. इंग्रजींत त्याला ‘स्टफिंग’ म्हणतात. दक्षिणेकडील राज्यांत ‘ड्रेसिंग’ हें नांव अधिक चालतें.

पोटांत सारण भरून पक्षी भाजण्याची रीति फार जुनी आहे. रोमन लोकांचा जो पाकग्रंथ ‘एपिसियस’ या नांवानें ओळखला जातो, त्यांतहि अशा कृति आहेत. पुढें १७९६ सालीं कनेक्टिकट राज्यांतील हार्टफर्ड येथें अमीलिया सिमन्स यांचें पाकशास्त्राचें पुस्तक निघालें. अमेरिकन माणसानें लिहिलेलें आणि अमेरिकेंत छापलेलें तें पहिलें पाकपुस्तक समजलें जातें. टर्कीच्या सारणासाठीं त्यांत गव्हाचा पाव, अंडीं, मरवा, मिरें, मीठ आणि स्निग्ध पदार्थ अशी सामुग्री सांगितली आहे. दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी या पदार्थाचें मूळ रूप फारसें पालटलेलें नाहीं.

सणाची कथा मात्र वळणावळणाची आहे. १६२१ सालीं प्लिमथ येथें इंग्रज वसाहतवाल्यांनीं सुगीनंतर जी तीन दिवसांची मेजवानी केली, ती या सणाचें मूळ मानतात. तिच्या समकालीन वृत्तान्तांत शिकारीच्या पक्ष्यांचा आणि वांपानोआग लोकांनीं आणलेल्या पांच हरणांचा उल्लेख आहे. पावाच्या सारणाचा नाहीं. तें आलें पुढें. सेरा जोसेफा हेल या लेखिकेनें १८२७ सालच्या आपल्या कादंबरींत या सणाच्या भोजनाचें वर्णन केलें, त्यांत सारण भरलेली टर्की आहे. हा दिवस सर्व देशानें एकदम पाळावा म्हणून या बाईंनीं पुढें अनेक वर्षें लेखणी झिजविली. अखेर १८६३ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, अध्यक्ष लिंकन यांनीं तशी घोषणा केली. आणि १९४१ सालीं कायद्यानें चौथा गुरुवार मुक्रर झाला.

या सारणाचा प्राण म्हणजे त्यांतील पाला. सेज, थाईम, रोजमेरी आणि पार्सली हीं नांवें मराठी कानाला परकीं वाटतील. पण त्यांचीं कुळें परकीं नाहींत. सेज, थाईम आणि रोजमेरी या तिन्ही वनस्पति तुळशीच्या कुळांतल्या. गजऱ्यांत गुंफला जाणारा मरवा त्यांचाच भाऊबंद. पार्सली, आणि सारणांत कांद्याबरोबर पडणारी सेलरी, या कोथिंबीर, जिरें व ओवा यांच्या कुळांतल्या. थाईमच्या पानाला जो वास येतो तो बव्हंशीं थायमॉल नांवाच्या द्रव्याचा, आणि ओव्याच्या वासांतहि मुख्य वांटा त्याच द्रव्याचा. म्हणून ओवा ज्याच्या घरांत आहे त्याला थाईम ओळखण्यास वेळ लागत नाहीं. सेजचें पान जाडसर, लवदार आणि राखट हिरवें असतें. त्याची चव किंचित् कडसर, कापराची आठवण देणारी. तें बेतानेंच घालावें लागतें.

पाव शिळा लागतो तो केवळ काटकसरीसाठीं नव्हे. ताज्या पावाचा गर मऊ व ओलसर असतो. त्यावर पाणी पडलें कीं लगदा होतो. कोरडा तुकडा मात्र रस पिऊन घेतो आणि आपला आकार टिकवून धरतो. परंतु पाव शिळा होणें आणि पाव वाळणें या दोन क्रिया एक नव्हेत. पाव शिळा होतांना त्यांतील पिष्टाची रचना पुन्हां घट्ट होते, आणि पाणी फारसें उडून न जातांहि तो कडक लागूं लागतो. त्यामुळें दोन दिवस पिशवींत राहिलेला पाव पुरेसा कोरडा असेलच असें नाहीं. जाणत्या गृहिणी पावाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते रात्रभर ताटांत पसरून ठेवतात, किंवा सुमारें १३५ अंश सेंटिग्रेडच्या मंद भट्टींत पाऊण तास वाळवितात. तुकडा दाताखालीं कुरकुरला पाहिजे, पण लाल होतां कामा नये.

आठदहा माणसांसाठीं ४५० ग्रॅम पाव, ११५ ग्रॅम लोणी, दोन मोठे कांदे, सेलरीचे चार दांडे, दोन अंडीं आणि सुमारें ६०० मिलिलिटर कढण एवढें साहित्य पुरतें. कढण म्हणजे भाज्या किंवा कोंबडी उकळून गाळलेलें पाणी. ताजा चिरलेला सेज दोन मोठे चमचे, थाईमचीं पानें एक मोठा चमचा, रोजमेरी एक लहान चमचा आणि पार्सली मूठभर. पाला वाळलेला असेल तर या मापाचा तिसरा हिस्सा घ्यावा.

प्रथम लोणी वितळवून त्यांत कांदा व सेलरी मंद आंचेवर दहा मिनिटें परतावी. तीं मऊ झालीं पाहिजेत, तांबूस नव्हेत. मग सेज, थाईम आणि रोजमेरी घालून मिनिटभर हलवावें. या पानांतील सुगंधी तेलें पाण्यापेक्षां स्निग्ध पदार्थांत चांगलीं उतरतात. फोडणींत हिंग-जिरें तेलांतच कां टाकतात याचें उत्तरहि हेंच. नंतर हें सर्व वाळलेल्या पावावर ओतावें, पार्सली, मीठ व मिरपूड घालावी. कढण कोमट करून त्यांत अंडीं फेटावीं. कढण कढत असेल तर अंडीं तेथेंच शिजून गोळा होतील. हें मिश्रण दोनतीन वेळां थोडेंथोडें घालावें आणि दहा मिनिटें मुरूं द्यावें. मूठभर सारण दाबलें असतां तें एकत्र राहिलें पाहिजे, पण बोटांतून पाणी गळतां कामा नये. मग लोण्याचा हात फिरविलेल्या पसरट भांड्यांत तें भरून, झांकण घालून १७५ अंशांवर अर्धा तास भाजावें, आणि झांकण काढून आणखी पंधरावीस मिनिटें ठेवावें. वरचा थर खरपूस होतो, आंतला भाग मऊ राहतो. या दोहोंच्या संगतींतच त्याची गोडी आहे.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. सारण जर पक्ष्याच्या पोटांत भरण्यासाठींच जन्मलें, तर तें निराळ्या भांड्यांत कां भाजावें? याचें उत्तर चवीचें नाहीं, जिवाचें आहे. कच्च्या पक्ष्याच्या रसांत साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात, आणि पाव तो रस शोषून घेतो. भट्टीची उष्णता पोटाच्या मध्यापर्यंत सर्वांत शेवटीं पोंचते. बाहेरून पक्षी सोनेरी दिसला तरी आंतील सारण नुसतें कोमट असूं शकतें. म्हणून अमेरिकन सरकारच्या कृषिखात्याचा नियम असा कीं, सारणाच्या अगदीं मध्यभागीं उष्णता ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढलीच पाहिजे, आणि ती अंदाजानें न ठरवितां उष्णतामापक खुपसून पाहिली पाहिजे. पक्ष्यांत सारण भरावयाचें असेल तर तें भट्टींत घालण्याच्या ऐन वेळीं भरावें, आदल्या रात्रीं नव्हे. जेवणानंतर उरलेलें सारण दोन तासांच्या आंत उथळ भांड्यांत काढून शीतपेटींत ठेवावें आणि तीनचार दिवसांत संपवावें. ज्या मेजाभोंवतीं तान्ह्या मुलापासून पणजीपर्यंत सारें घर बसतें, तेथें या नियमांना नुसती कटकट म्हणतां येत नाहीं. कारण अशा दूषित अन्नाचा घाव प्रथम लहानांवर आणि वृद्धांवर बसतो.

या एका पदार्थानें प्रांतोप्रांतीं निराळे वेष घेतले आहेत. दक्षिणेंत गव्हाच्या पावाऐवजीं मक्याचा पाव असतो. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कालवें घालतात. पेनसिल्व्हेनियांतील जर्मन वंशाचे लोक बटाटा मिसळतात. मिनेसोटांत तेथील रानतांदूळ वापरतात. १९७२ सालीं जनरल फूड्स कंपनीनें पांच मिनिटांत तयार होणारें सारण पुडक्यांत घालून विकण्यास आणलें. त्याच्या शोधाचें श्रेय रूथ सीम्स या बाईंना दिलें जातें. त्यांच्या युक्तीचें मर्म पावाच्या कणांच्या नेमक्या आकारांत होतें. म्हणजे कारखान्यालाहि अखेर जुन्या गृहिणीचाच धडा गिरवावा लागला. पुडक्याची सोय मोठी खरी. पण त्यांतील मिठाचें व पाल्याचें माप दुसऱ्याच्या हातीं राहतें, आणि घरांतील शिळा पाव घरांतच पडून राहतो.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या सणाचें आमंत्रण शेजाऱ्यांकडून, मित्रांकडून येतेंच. पाहुणा शाकाहारी असला तर मुख्य पदार्थाला त्याचा हात लागत नाहीं, आणि पावाचें सारण पाहून त्याला वाटतें कीं हें तरी आपलें. परंतु त्यांत कोंबडीचें कढण असूं शकतें, तें पक्ष्याच्या पोटांतून काढलेलें असूं शकतें. अशा वेळीं मुकाट्यानें उपाशी उठण्यापेक्षां आमंत्रण स्वीकारतांनाच दोन शब्द बोलून ठेवणें बरें. सारणाचा एक भाग भाज्यांच्या कढणांत भिजवून निराळ्या भांड्यांत भाजणें यजमानीणबाईंना मुळींच जड नसतें. अंडीं गाळून कढण किंचित् वाढविलें तरी सारण होतें, थोडें मोकळें होतें इतकेंच. ज्या सणाचें नांवच कृतज्ञता, त्या सणाला एका पाहुण्याचें पान रितें राहिलें तर यजमानालाहि गोड लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, शुक्रवारीं, उरलेल्या सारणाचे तुकडे तव्यावर लोण्यांत परतून न्याहारीला खातात. शिळ्या पोळीचा कुस्करा ज्यांनीं लहानपणीं खाल्ला आहे, त्यांना या न्याहारीची ओळख निराळी करून द्यावयास नको.