रात्रीच्या राखणीसाठी बहुपयोगी कांबळे



बियाणे, खते, पाणी, कीड-रोग या विषयांवर आपण नेहमी बोलतो. आज पिकाऐवजी पीक राखणाऱ्या माणसाबद्दल बोलू. उसाला, गव्हाला किंवा कांद्याला पाणी देण्यासाठी रात्री शेतात जावे लागते. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते आणि एखाद्या आठवड्यात पाळी रात्रीची येते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. तरीही ज्यांच्याकडे पाळी रात्रीची आहे, त्यांना थंडीत दाऱ्यावर उभे राहावेच लागते. ज्वारीत रानडुकरे शिरतात, द्राक्षे व डाळिंबे काढणीला आली की बागेत मुक्काम करावा लागतो. अशा वेळी अंगावर काय असावे, झोपावे कशावर आणि अडचण आली तर काय करावे, याचा विचार आपण फवारणीच्या वेळापत्रकाइतक्या काळजीने करीत नाही. तो करणे जरुरीचे आहे.

बाजारात लष्करी धाटणीचे राखाडी किंवा हिरवट कांबळे मिळते. काही माल लष्कराने लिलावात काढलेला असतो, तर काही त्याच धर्तीवर विणलेला असतो. आपल्या भागात याहून जुनी वस्तू म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात घोंगडी कोणाला ठाऊक नाही असे नाही. या दोहोंपैकी जे घरात असेल त्याला थोडी शिलाई केली, तर एकाच कांबळ्यापासून पाच कामे होतात.

लोकरच का?

शेतात आपण आच्छादन करतो, तेव्हा जमीन आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये एक थर तयार होतो. त्यामुळे जमिनीचे तापमान एकदम चढत-उतरत नाही. अंगावरचे कांबळे हेच काम करते. ऊब कांबळ्यात नसते, ती आपल्या शरीराची असते. लोकरीचा तंतू कुरळा असल्यामुळे त्यात हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

दुसरा गुण ओलाव्याचा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा हवेतून शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दवात किंवा पाटाच्या कडेला काम करणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो. सुती कापडाचे तसे नाही. आपली सोलापुरी चादर घरच्या अंथरुणात उत्तमच आहे, पण भिजलेले सुती कापड अंगाला चिकटते आणि ऊब राहत नाही.

तिसरा गुण विस्तवाचा. हुरड्याच्या आगटीवरून ठिणगी उडाली, तर लोकर सहजी पेट घेत नाही, जळाली तरी बहुधा आपोआप विझते. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट मात्र वितळून कातडीला चिकटते.

खरेदी करताना पारख

लष्करी म्हणून विकले जाणारे प्रत्येक कांबळे शुद्ध लोकरीचे असतेच असे नाही. जुने लोकरी कपडे पिंजून काढलेल्या धाग्याची आणि कृत्रिम धागा मिसळलेली कांबळी मोठ्या प्रमाणावर बाजारात येतात. पारख सोपी आहे. कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर समजावी. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला, तर कृत्रिम धागा आहे. कागदासारखा भुरकन जळाला, तर सूत आहे. मिश्र कांबळे वापरायला हरकत नाही, पण ते आगटीजवळ नेऊ नये.

कांबळे उजेडासमोर धरून पाहावे. जागोजागी उजेड आरपार दिसला, तर वीण विरळ झाली आहे. मधोमध हाताने ताणून पाहावे. फाटल्याचा आवाज आला, तर ते झोळीच्या कामाचे नाही.

कात्री लावू नका

परदेशात अशा कांबळ्याला मध्यभागी चीर देऊन डोके घालण्याची सोय करतात. आपण तसे करू नये. हातमागावरची घोंगडी कापली की उसवते. शिवाय मध्यभागी चीर पडली की त्याच कांबळ्यावर माणूस उचलून नेता येत नाही. म्हणून सर्व सोयी नाड्या आणि पट्ट्या शिवूनच करायच्या.

लागणारे साहित्य : सुमारे ५ फूट × ७.५ फूट मापाचे एक कांबळे, अर्धा इंच रुंदीची सुती नवार पट्टी ९ मीटर, जाड कापडाचे ४ इंच × ४ इंच मापाचे ६ तुकडे (जुन्या जीन पॅन्टचे चालतात), जाड दोरा आणि दाभण. आपले कांबळे लहान-मोठे असेल, तर मापे त्या प्रमाणात घ्यावीत.

शिलाईची रीत

१) कांबळे लांबीत दुमडून दोन्ही लांब कडा एकमेकींवर आणा. आता रुंदी अडीच फूट झाली. पायाच्या टोकापासून ९, १८, २७, ३६, ४५ आणि ५४ इंचांवर दोन्ही कडांना समोरासमोर ९ इंच लांबीच्या नाड्या शिवा. अशा ६ जोड्या होतील.

२) पायाकडच्या आखूड कडेला, घडीपासून ६, १५ आणि २४ इंचांवर तशाच ३ जोड्या शिवा.

३) कांबळे पुन्हा उलगडा. डोक्याच्या टोकापासून ३० इंचांवर खडूने आडवी रेघ मारा. रेघेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४, ८ आणि १२ इंचांवर बाहेरच्या अंगाने नाड्या शिवा. या ३ जोड्या टोपीसाठी आहेत.

४) चार कोपरे आणि दोन लांब कडांचे मध्य अशा ६ ठिकाणी जाड कापडाचे ठिगळ लावा आणि त्यावर नवारीचा फासा शिवा. घोंगडीला लोखंडी कडी ठोकू नये, छिद्राभोवतीची वीण सुटते.

५) उरलेल्या नवारीचा सुमारे २ मीटरचा पट्टा ठेवा. कांबळ्याची वळकटी करून ती या पट्ट्याने बांधावी आणि खांद्यावर टाकावी.

पाच उपयोग

खोळ : डोक्याकडचे ३० इंच रेघेवर आत दुमडा. रेघेवरच्या नाड्या समोरासमोर बांधल्या की टोपी तयार होते. डोके, खांदे आणि पाठ यांवर दुहेरी थर येतो आणि खालची कड पोटरीपर्यंत राहते. त्यामुळे दारे धरताना ती पाण्यात लोळत नाही. लोकर रिमझिम सोसते, मोठा पाऊस सोसत नाही. त्यासाठी वरून प्लॅस्टिकचा कागद घ्यावा.

झोपण्याची पिशवी : लांबीत दुमडून पायाकडच्या आणि कडेच्या नाड्या बांधा. नाड्यांना सरकगाठ मारावी, म्हणजे घाईत एका ओढीने सुटते. गळ्याजवळचा भाग मोकळाच ठेवावा.

अंथरूण : थंडी वरून लागते तितकीच खालूनही लागते. अंगाखाली दबलेल्या कांबळ्यात हवा कमी उरते, म्हणून खाली एक वाकळ किंवा झटकून घेतलेली कोरडी पोती घालावीत. भिजलेल्या काळ्या रानात नुसते कांबळे टाकून झोपू नये.

आडोसा : फाशांतून दोरी ओवून कांबळे माळ्याच्या किंवा खोपीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बांधावे. छपराला मात्र ताडपत्रीच वापरावी.

झोळी : हा उपयोग रोज लागत नाही, पण लागला तर जीव वाचतो. त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

माणूस उचलून नेण्याची झोळी

मनगटाएवढ्या जाडीचे, ८ फूट लांबीचे दोन चांगले बांबू खोपीत कायम ठेवावेत. कांबळे लांबीत पसरा. रुंदीच्या एक तृतीयांशावर पहिला बांबू उभा ठेवा आणि तेवढी घडी त्यावर टाका. त्या दुहेरी भागावर, घडीच्या कडेपासून अर्धा वीत आत दुसरा बांबू ठेवा. आता उरलेली बाजू दोन्ही बांबूंवरून आणा. माणसाच्या वजनानेच घड्या दाबल्या जातात आणि सरकत नाहीत. ही रीत आधी दिवसा, धडधाकट माणसाला जमिनीपासून वीतभर उचलून करून पाहावी. चौघांनी उचलावे.

याचा उपयोग मुख्यतः सर्पदंशात होतो. दंश झालेल्या माणसाला चालवू नये. हालचालीने विष लवकर पसरते. दंशाचा हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा, अंगठी, जोडवी, घड्याळ काढावे. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. प्रतिसर्पविष हाच खरा उपाय आहे आणि तो रुग्णालयातच मिळतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. शेतापासून गाडीरस्त्यापर्यंतचे अंतर मात्र आपल्यालाच तोडावे लागते आणि तिथे ही झोळी कामाला येते.

जमिनीवर झोपू नका

कांबळे कितीही चांगले असले तरी शेतात जमिनीवर झोपणे धोक्याचे आहे. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसांना तिचा दंश होतो, आणि तो इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून बाज, लोखंडी खाट किंवा माळा वापरावा. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. कांबळे अंगावर घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी झटकावे. दाऱ्यावर जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट, विजेरी आणि काठी असावी. उसाच्या सरीत घोणस असते, तिथे अनवाणी पाऊल टाकू नये.

आणखी काही दक्षता

* मोटारीचा पट्टा, इंजिन, ट्रॅक्टरचा फिरता दांडा किंवा मळणी यंत्र यांजवळ जाताना खोळ काढून ठेवावी. लोंबणारी कड गुंडाळली गेली, तर माणूस ओढला जातो.
* ओल्या हाताने किंवा ओली खोळ अंगावर असताना स्टार्टरला हात लावू नये.
* चारी बाजूंनी बंद केलेल्या खोपीत शेगडी पेटवून झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.
* फवारणी करताना हे कांबळे वापरू नये. लोकरीत औषध मुरते आणि रात्रभर अंगाला लागत राहते.

निगा

कांबळे दर आठवड्याला ऊन दाखवून झटकावे. धुण्याची गरज वारंवार पडत नाही. धुवायचेच झाल्यास गार पाण्यात रिठा घालून धुवावे. गरम पाण्याने लोकर आटते. पिळू नये, पाणी दाबून काढावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावे. उन्हाळ्यात ठेवताना पूर्ण कोरडे करून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह घट्ट बांधावे आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे. कसर लागली तर एका पावसाळ्यात कांबळे चाळण होते. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. धुतल्यावर ती मऊ पडते, पण उबेत फरक पडत नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या भागातील धनगर बांधव मेंढ्यांची कातरणी करतात, पण या जाड लोकरीला आता फारसे गिऱ्हाईक राहिलेले नाही आणि घोंगडी विणणारे हातमाग कमी होत चालले आहेत. रात्री पाण्यावर जाणाऱ्या दहा-वीस जणांनी मिळून विणकराकडे आपल्या मापाच्या, घट्ट विणीच्या घोंगड्यांची एकत्र मागणी नोंदवावी. राखणीला टिकाऊ वस्तू मिळेल आणि पैसा जवळच्याच गावात राहील. घरात जुने लष्करी कांबळे पडून असेल, तर नवे घेण्याची घाई करू नये, तेच काढून शिवून घ्यावे.

एक संध्याकाळ आणि थोडी नवार एवढाच याचा खर्च आहे. थंडीतील पाण्याची पहिली पाळी येण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे आणि झोळी बांधण्याची रीत घरातील सर्वांना, मुलांनाही, एकदा करून दाखवावी.