शेअर बाजार, कालचक्र आणि आलेखाची मर्यादा
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : कालचक्रे आणि तांत्रिक विश्लेषण यांच्या साहाय्याने शेअर बाजाराच्या तेजी-मंदीचे भाकीत कसे करावे. या सभागृहात व्यापारी आहेत, सेवानिवृत्त मंडळी आहेत, आणि मोबाईलवर सौदे करणारी तरुण मुलेही आहेत. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असणार, तो म्हणजे पुढे काय होणार? त्याचे उत्तर मी देणार नाही. मात्र असे उत्तर देणाऱ्याला आपण कोणते प्रश्न विचारावेत, हे माझ्या पस्तीस वर्षांच्या अनुभवातून सांगता येईल.

कालचक्र हा शब्द आपल्याला नवा नाही. अवसर्पिणी आणि उत्सर्पिणी यांचे सहा-सहा आरे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या चक्राचे माप सागरोपमाचे आहे. तीन महिन्यांच्या वायद्याला ते लावू नये, एवढी विनंती.

आपण नाशिककर तर चक्राच्या गावातच राहतो. सिंहस्थ २००३ मध्ये झाला, २०१५ मध्ये झाला, त्यानंतरचा २०२७ चा. हे कोणीही आत्मविश्वासाने सांगतो, कारण गुरू ग्रहाला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात आणि त्याच्या सिंह राशीतील प्रवेशावर हे पर्व बांधलेले आहे. या चक्रामागे कारण आहे आणि ते कारण बदलत नाही.

दुसरे चक्र लासलगावचे. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून येऊ लागतो, त्यामागून रांगडा आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. टिकाऊ असल्याने उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो. तो संपत आला आणि नवा लाल कांदा पावसात अडकला की सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास भाव चढतात. हेही चक्रच आहे आणि त्यालाही कारण आहे. पण ते गुरूसारखे अढळ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये उठली. चाळीतल्या कांद्याला अशा अधिसूचनेची आगाऊ कल्पना नसते. ज्याने गतवर्षीचे भाव पाहून माल धरून ठेवला, त्याचे गणित एका रात्रीत चुकले.

आता शेअर बाजाराकडे वळू. येथील चक्रांना कारण आहे काय?

या शोधात फार मोठी माणसे गुंतली. क्लेमां जुग्लार यांनी एकोणिसाव्या शतकात सात ते अकरा वर्षांचे व्यापारचक्र मांडले. जोसेफ किचिन यांनी १९२३ मध्ये सुमारे चाळीस महिन्यांचे, तर कोंद्रातिएव्ह यांनी त्याच दशकात सुमारे पन्नास वर्षांचे. सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांचे. त्यांचे म्हणणे असे की सूर्यावरील डागांमुळे हिंदुस्थानातील पिके कमीजास्त होतात, त्यामुळे येथील रयतेची विलायती माल घेण्याची ताकद घटते किंवा वाढते आणि म्हणून इंग्लंडमध्ये साधारण दर दहा वर्षांनी आर्थिक अरिष्ट येते. सूर्यडागांचे चक्र साडेदहा वर्षांच्या आसपास आहे, असा सुधारित अंदाज त्या काळी पुढे आला तेव्हा त्यांना आपली खात्री पटली असे वाटले. पुढे ते चक्र सरासरी अकरा वर्षांचेच ठरले आणि नंतरची अरिष्टेही त्या वेळापत्रकाने आली नाहीत. जेव्हन्स सामान्य बुद्धीचे नव्हते. आपल्याला हवा असलेला आकडा समोर आला की बुद्धिमान माणूसही तपासणी सैल करतो.

१९२७ मध्ये रशियन गणिती येवगेनी स्लुत्स्की यांनी याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. त्यांनी सरकारी कर्जरोख्यांच्या सोडतीतील आकडे घेतले. म्हणजे ज्यात कसलाही क्रम असण्याचे कारण नाही, असे आकडे. लागोपाठच्या दहा-दहा आकड्यांच्या बेरजा करून त्यांनी आलेख काढला, तेव्हा त्यात लाटा उमटल्या. त्या लाटा इंग्लंडच्या व्यापारचक्राच्या प्रत्यक्ष आलेखाशी जुळण्याइतक्या देखण्या होत्या. आपण आलेखावर चालत्या सरासरीची रेषा ओढतो तेव्हा आपणही लागोपाठचे आकडे एकत्र करत असतो. दिसलेली लाट बाजाराची की बेरजेची, हा प्रश्न मला हे वाचल्यानंतरच प्रथम पडला. तोवर उशीर झाला होता.

तो उशीर कसा झाला, हे सांगणे भाग आहे. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला. ते हर्षद मेहता प्रकरणापूर्वीचे शिखर. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या तेजीत तो ५,९३३ वर बंद झाला आणि सप्टेंबर २००१ मध्ये २,६०० पर्यंत घसरला. दोन शिखरांत आठ वर्षांचे अंतर. मी त्या काळी वर्तमानपत्रातील भाव पाहून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आलेख काढत असे. पुढचे शिखर २००८ च्या आरंभी येणार, असे मी २००६ पासून सांगत होतो. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला, दोन दिवसांनी २१,२०६ ला स्पर्श करून आला आणि ऑक्टोबरअखेर ८ हजारांच्याही खाली उतरून आला. माझे नाव झाले. लग्नसमारंभात मंडळी मला बाजूला घेऊन तारखा विचारू लागली.

साहजिकच पुढचे शिखर २०१६ चे! मार्च २०१५ मध्ये निर्देशांक ३० हजारांना स्पर्शून उतरू लागला, तेव्हा मी थोरल्या मेहुण्यांना म्हणालो, ‘भाऊजी, घाई करू नका, अजून वर्ष आहे.’ फेब्रुवारी २०१६ उजाडला आणि निर्देशांक २३ हजारांच्या खाली गेला. शिखराच्या जागी तळ आला होता. तेव्हा तरी मी थांबावयास हवे होते. त्याऐवजी ‘चक्र उलटले आहे, आता मोठी मंदी’ असे नवे भाकीत केले. भाऊजींनी निवृत्तीचे पैसे गुंतवलेले शेअर त्या तळाला विकले. डिसेंबर २०१७ अखेर सेन्सेक्स ३४ हजारांवर होता. भाऊजी मला एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या घरी येतात, जेवतात. बाजाराचा विषय मात्र आमच्यात पुन्हा निघालेला नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांवर जाऊन उतरू लागला, तेव्हा जुन्या परिचितांचे फोन आले : २००८ नंतर सोळा वर्षे, तुमचे चक्र खरे ठरले की! पाचपैकी चार तारखा जुळल्या, हे खरे. पण न जुळलेल्या त्या एका तारखेला भाऊजींचे पैसे गुंतलेले होते. शिवाय १९९२ ला बँकांच्या रोख्यांचा घोटाळा, २००० ला संगणक कंपन्यांचे वेड, २००८ ला अमेरिकेतील गृहकर्जे. या तिन्हींना जोडणारा गुरू ग्रह मला आजवर सापडला नाही.

मग आलेख फेकून द्यावेत काय? नाही. आलेख भविष्य सांगत नाही, पण आपण चुकलो हे मात्र लवकर सांगतो. मार्च २००८ मध्ये निर्देशांक १५-१६ हजारांच्या दरम्यान होता आणि २०० दिवसांच्या सरासरीच्या बराच खाली होता. त्या सरासरीने शिखराची तारीख सांगितली नव्हती. पण ती तुटली म्हणून बाहेर पडणारा पुढच्या निम्म्या घसरणीतून वाचला. बाजार एकाच पट्ट्यात घुटमळत असेल, तेव्हा हीच सरासरी वारंवार फसवते आणि दलालीचा खर्च वाढवते, हेही ध्यानात ठेवावे. आधार पातळी, अडथळा, उलाढाल यांचेही असेच आहे. गॅनचे कोन आणि एलियटच्या लाटा यांविषयी मी थोडक्यात सांगतो : दोन जाणकारांना एकाच आलेखावरील लाटा स्वतंत्रपणे मोजावयास सांगा आणि मोजणी जुळते का ते पाहा.

तरुण मित्रांसाठी एक आकडा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. या मंडळींपैकी बहुतेकांच्या मोबाईलवर आलेख होतेच. माझ्या पेन्सिलीच्या आलेखांहून कितीतरी सुबक.

तेव्हा तारीख सांगणारा कोणी भेटला तर त्याला तीन गोष्टी विचारा. या चक्रामागचे कारण कोणते? न जुळलेल्या तारखा किती? आणि भाव कोणत्या पातळीला आला म्हणजे तुम्ही स्वतः चुकलो असे मानाल? तिसऱ्या प्रश्नाचा आकडा सौदा करण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. मी २०१५ मध्ये तो लिहिला नव्हता.

माझे जुने पेन्सिलीचे आलेख मी सोबत आणले आहेत. १९९२ पासूनचे आहेत, २०१६ चाही आहे. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी कार्यक्रमानंतर व्यासपीठाजवळ यावे. आता आपले प्रश्न घेतो. जय जिनेंद्र.