पाठ्यपुस्तकाचा करार आणि लेखकाचे नाव



वाईत पुस्तकांच्या करारांविषयी बोलताना मराठी विश्वकोशापासून आरंभ करणे उचित ठरेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली याच गावात सिद्ध झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. खर्च शासनाचा, मालकी सार्वजनिक. तरीही नोंदीच्या अखेरीस ती लिहिणाऱ्याचे नाव देण्याची प्रथा तेथे पाळली गेली. सार्वजनिक मालकी आणि व्यक्तीचे श्रेय एकत्र नांदू शकतात, हेच त्यातून दिसते.

१९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले आणि शालेय पुस्तके स्वस्तात गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचू लागली. या व्यवस्थेचे कोणीही समाजवादी स्वागतच करील. परंतु पुस्तकाची मालकी संस्थेकडे गेली म्हणून लेखकाचे नावही गहाण पडते काय? हा प्रश्न २०२३ साली ऐरणीवर आला.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या वर्षी जूनमध्ये परिषदेस पत्र लिहिले. मजकूर गाळताना आपणांस विचारले गेले नाही. तेव्हा या पुस्तकांवरील आपली नावे काढावीत, अशी त्यांची मागणी होती. परिषदेचे उत्तर असे की, स्वामित्वहक्क परिषदेचा आहे, पुस्तके सामूहिक प्रयत्नातून झाली आहेत, आणि एखाद्या सदस्याने नाव मागे घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे मजकूर बदलण्याचा अधिकार एकाचा आणि त्याची नैतिक जबाबदारी दुसऱ्याच्या माथी!

कायदा लेखकाला अगदीच निराधार सोडत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ असे सांगते की, हक्क विकल्यानंतरही आपले लेखकत्व सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेस बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते; प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण केवळ भारतापुरते समजले जाते. मात्र न्यायालयाची पायरी चढणे सामान्य अध्यापकाला परवडत नाही. म्हणून जे मागावयाचे ते सहीपूर्वीच मागितले पाहिजे.

खाजगी प्रकाशकाच्या दारी तर ही दक्षता अधिकच हवी. तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक एकरकमी मानधनावर सर्व हक्क कायमचे देऊन मोकळा होतो आणि पुढील आवृत्त्यांचा लाभ प्रकाशकाच्या पदरी पडतो. जेथे टक्केवारी ठरते, तेथेही ती कशावर, हे पाहिले पाहिजे. समजा पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि दर दहा टक्के आहे. छापील किमतीवर लेखकास प्रतीमागे २० रुपये मिळतील. विक्रेत्याची चाळीस टक्के सूट वजा करून हिशेब केला, तर १२ च उरतील. दर तोच, पण एका शब्दाने आठ रुपये गेले.

याहून महत्त्वाचे कलम सुधारित आवृत्तीचे होय. अभ्यासक्रम बदलतो, तेव्हा पुस्तकही बदलणारच. पण बदललेला मजकूर छपाईपूर्वी लेखकास दाखविला जाईल, आणि तो मान्य नसल्यास त्यास आपले नाव काढून घेता येईल, एवढे एक वाक्य प्रत्येक करारात असलेच पाहिजे.

एकटा लेखक हे वाक्य मागू लागला, तर त्याच्याऐवजी दुसरा लेखक शोधला जाईल. एकट्या कामगाराची स्थिती याहून वेगळी कधी होती? मजुरीचे दर आणि कामाचे तास संघटनेने ठरवून घेतले; त्याचप्रमाणे अध्यापकांच्या संघटनांनी एक नमुना करार तयार करावा आणि त्यातील किमान अटींखाली कोणीही सही करू नये. लेखन हेही श्रमच आहेत. त्या श्रमांचे मोल तर मिळालेच पाहिजे. परंतु मुलांच्या हाती जाणाऱ्या शब्दांना आपले नाव द्यावे की नाही, हा निर्णय लिहिणाऱ्याच्याच हाती राहिला पाहिजे.