सुईदोऱ्याची सेवा
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला साधा कारकून. भाषणाची सवय नाही. समितीने देणगीची वही माझ्याकडे सोपविली, त्या नात्याने दोन शब्द बोलतो.

कच्छमध्ये भुजजवळ धाणेटी नावाचे गाव आहे. १९६९ साली तिकडे दुष्काळ होता. मुंबईहून चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी तेथे गेल्या. पण गावची माणसे फुकटचे अन्न घेईनात; त्यांना काम हवे होते. चंदाबेननी पाहिले, की घरोघरी बायकांच्या हाती भरतकामाची कला आहे. त्यांनी साड्यांवर भरतकाम करून घेतले, त्या मुंबईत विकल्या, आणि त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. कापड, दोरा, नक्षी बाईच्या घरी पोचते. घरचे, गुरांचे आटोपून ती टाके घालते आणि मजुरी तिच्या हातात पडते. २००६ साली चंदाबेनना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१६ साली अजरखपूर येथे या कलेचे संग्रहालय उघडले.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जात असे. तिलाही फुकटचे नको होते. म्हणून धाणेटीच्या बायका मला परक्या वाटत नाहीत.

आता आपल्या गावचे. गाभाऱ्याचा पडदा आणि पालखीवरचे वस्त्र आपल्या भगिनींनी चार महिने दुपारी देवळाच्या ओसरीवर बसून भरले. एकमेकींशी अबोला असलेल्याही एका कापडाच्या दोन टोकांना बसल्या, आणि पडदा पुरा होईतो बोलू लागल्या. मात्र माझ्या वहीत रकाने तीनच : नाव, गाव, रक्कम. रक्कम नाही म्हणून मी त्यांची नावे लिहिलीच नाहीत. ही चूक माझी. परवा पडदा टांगताना एक म्हातारी सहज म्हणाली, “आमचं काय, देवाला ठाऊक आहे.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

देवाला ठाऊक आहेच. गावालाही ठाऊक असावे. म्हणून समितीला माझी हात जोडून विनंती, की देणगीदारांच्या यादीत या भगिनींची नावे छापावीत, ‘अमक्याचे कुटुंब’ म्हणून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या नावाने. रकमेच्या रकान्यात ‘सेवा’ एवढेच लिहावे.

काही अधिकउणे बोललो असेन तर क्षमा असावी. ग्रामदैवत सर्वांचे कल्याण करो.