गाडामालकाची हयात



नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील पॅलेस मैदानावर कंबळा शर्यत झाली. पोटापाण्यासाठी बंगळूरात आलेल्या तुळू बांधवांनी किनारपट्टीवरून रेड्यांच्या जोड्या आणविल्या. ती पाहताना आपल्यापैकी कित्येकांस गावची यात्रा आठवली असल्यास नवल नाही. आपल्याकडील अशाच शर्यतीत हयात घालविणाऱ्या गाडामालकाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत शर्यतीच्या चढत्या धावपट्टीस 'घाट' म्हणतात. चार बैल, पुढे घोडीस्वार आणि काही सेकंदांत निकाल! सातारा-सांगलीकडे दोन बैलांचा छकडा धावतो. विदर्भात शंकरपट भरतो. त्या काही सेकंदांसाठी मालक वर्षानुवर्षे खपतो. खिलार खोंड पारखावयाचा, पोटच्या पोरासारखा वाढवावयाचा, जोडीची चाल जुळवावयाची. नांगरट ट्रॅक्टरकडे गेल्यावर असा खोंड दावणीस ठेवण्यास शर्यतीवाचून फारसे कारण उरले नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यतीस परवानगी मिळावयास १६ डिसेंबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडू या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

माणूस निकालाची वाट पाहू शकतो; बैलाचे वय मात्र थांबत नाही. मनाईच्या वेळी चार वर्षांचा असलेला खोंड परवानगी आली तेव्हा अकरा वर्षांचा झाला होता. बैलांची एक अख्खी पिढी घाट न पाहताच म्हातारी झाली. तरीही ज्यांनी दावे सोडले नाही, त्यांच्या निष्ठेस तोड नाही.

परंतु न्यायालयाचा आक्षेप निराधार नव्हता. बैलाची शरीररचना शर्यतीची नव्हे, असे २०१४ च्या निकालात म्हटले होते. चाबूक ओढणे, शेपटी पिरगाळणे हे प्रकार घडत होते, हे जाणत्या गाडामालकासही नाकारता येणार नाही. आता नियमांनी अशा छळास बंदी आहे. कायद्याने दिलेली ही मुभा टिकणे वा न टिकणे सर्वस्वी मालकाच्या हाती आहे. ज्याने बैलास जन्मभर जिवापाड जपले, त्यानेच घाटावर उभे राहून दुसऱ्याचा उगारलेला हात धरला पाहिजे. बक्षिसाच्या ढालीहून तो मान मोठा आहे.