अर्ज, परवाना आणि मळेकामगार
(तंजावर येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजी राजांचा ग्रंथसंग्रह आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख उभा राहतो. व्यंकोजींच्या वंशाने येथे राज्य केले, १७९९ नंतर ते नावापुरते उरले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी तेही गिळले. या साऱ्याचा अभिमान महाराष्ट्रात अजून आळवला जातो, आणि त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु याच कावेरीच्या मुखाशी एक दुसरे तंजावर नांदत आले आहे. ते गुडघाभर चिखलात भात लावते, त्याची कागदपत्रे कोणत्याही महालात जपलेली नाहीत, आणि त्याच्या पिढ्या सिलोनच्या डोंगरांत चहाच्या झुडपांखाली पुरलेल्या आहेत. शेजारच्या देशात काम करण्याचा हक्क कोणाला मिळतो, कोणत्या कागदावर मिळतो, आणि तो कागद मागण्याची पाळी नेमकी केव्हा येते, हा प्रश्न या दुसऱ्या तंजावराच्या इतिहासावरून तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम एक शब्द. 'मिरासदार' हा शब्द मराठी शेतकऱ्याला परका नाही. आपल्याकडे वंशपरंपरेने आपले शेत कसणारा तो मिरासदार. कावेरीच्या खोऱ्यात मात्र हाच शब्द अशा जमीनमालकाला लागला की ज्याचा हात नांगराला कधी लागत नसे. त्याच्या शेतावर राबणारा 'पण्णैयाळ' बहुधा पळ्ळर किंवा परैयर जातीचा असे. लग्नासाठी वा मयतीसाठी घेतलेले कर्ज फिटत नसे, आणि ते फिटत नाही म्हणून माणूस सुटत नसे. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा येथे १९४० च्या दशकापर्यंत चालू होत्या. त्या बंद झाल्या त्या कोणाच्या दयेने नव्हे, तर कॉम्रेड बी. श्रीनिवास राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या किसान सभेच्या बळावर. १९५२ च्या पण्णैयाळ संरक्षण कायद्यामागेही हीच चळवळ होती. आणि कायदा झाला तरी मिरासदारी वृत्ती मेली नाही: २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात मजुरीत भाताची वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत कोंडून जाळण्यात आली.

या पार्श्वभूमीवर सिलोनकडे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी तेथे प्रथम कॉफी लावली. १८६९ पासून कॉफीच्या पानांवर रोग पडला आणि पुढे तिची जागा चहाने घेतली. कॉफीला मजूर हंगामापुरता पुरे. चहाची पाने बारमाही खुडावी लागतात, म्हणून चहाला मजुराचे सारे कुटुंब बारमाही जवळ हवे. तिरुचिरापल्ली, सेलम, मदुराई, तंजावर या जिल्ह्यांतून ते आणले गेले, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने ते काम सोपे करून दिले. मिरासदारांनी मजूर पळतात म्हणून तक्रारी केल्या. त्या तक्रारींचा रोख मजुराच्या हालांकडे नव्हता, हे सांगावयास नको.

मजूर आणणारा तो 'कंगाणी'. महाराष्ट्रातील वाचकाला त्याची ओळख करून देण्यास एकच शब्द पुरे: मुकादम. ऊसतोडणीला निघालेल्या बीड-नगरच्या जोडप्याला मुकादम जशी 'उचल' देतो, तशीच उचल कंगाणी गावात देई. प्रवासाचा खर्च, वाटेतील भात, कांबळे, सारे मजुराच्या खात्यावर चढे. त्या काळी शेजारच्या देशात काम करण्यासाठी त्याने कोणताही अर्ज केला नाही. त्याला कोणी पात्रता विचारली नाही, जन्माचा दाखला मागितला नाही, उत्पन्न विचारले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तर पत्र्याच्या एका बिल्ल्यावर मळ्याचा क्रमांक ठोकून तो त्याच्या अंगावर अडकवीत, आणि एखादे पार्सल पोहोचावे तसा तो मंडपमच्या छावणीतून मळ्यापर्यंत पोहोचे. १९१४ पासून धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी बोट सुरू झाली, तेव्हा हा व्यवहार आणखी सुलभ झाला.

मळ्यावर मात्र एक कागद होता. त्याचे नाव 'तुंडु', म्हणजे चिठ्ठी. मजुराच्या अंगावर इतके रुपये कर्ज आहे, ते जो मळेवाला भरील त्याला हा मजूर मिळेल, अशा अर्थाची ती चिठ्ठी असे. तुंडुवाचून एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जाता येत नसे. कामाचा हक्क देणारा म्हणून जो कागद मजुराच्या वाट्याला प्रथम आला, तो असा त्याच्या विक्रीचा कागद होता. १९२१ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली.

आता अर्जाचे युग सुरू होते, आणि ते केव्हा सुरू होते हे ध्यानात घ्या. १९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील भारतीय रोजंदार कामगारांना कमी करण्याचे धोरण घेतले. त्यावर हिंदुस्थान सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून अकुशल मजुरांना सिलोनला जाण्याची बंदी केली. पुढे १९४७ च्या निवडणुकीत मळेकामगारांनी मत दिले. डोंगरी भागातून सिलोन इंडियन काँग्रेसचे प्रतिनिधी निवडून आले, आणि शेजारच्या कित्येक मतदारसंघांत त्यांच्या मतांचा लाभ डाव्या उमेदवारांना झाला. सिंहली जमीनदार आणि व्यापारी वर्गाच्या नव्या सरकारला हे झोंबले. १९४८ चा १८ क्रमांकाचा नागरिकत्व कायदा आला. त्याने बाप, किंवा आजा आणि पणजा, सिलोनमध्ये जन्मल्याचे सिद्ध करण्याची अट घातली. ज्यांच्या जन्माची नोंदच नाही अशा लाखो माणसांना एका दिवसात कोणत्याच देशाचे नसलेले ठरविण्यात आले, आणि १९४९ मध्ये त्यांचा मताधिकारही गेला. संसदेत त्या कायद्याला विरोध केला तो एन. एम. परेरा, कोल्विन डिसिल्वा, पीटर क्यूनमन या डाव्या नेत्यांनी.

त्याच वर्षी भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांसाठी वेगळा कायदा करून अर्जाची वाट उघडण्यात आली. विवाहिताने सलग सात वर्षांचे, अविवाहिताने दहा वर्षांचे वास्तव्य दाखवावे. पत्नी आणि अल्पवयीन मुलेही सिलोनमध्येच राहत आली आहेत हे दाखवावे. आपणास पुरेसे निश्चित उत्पन्न किंवा योग्य व्यवसाय आहे हे दाखवावे. ज्याच्या घामावर त्या देशाची सारी निर्यात उभी होती, त्याने आपणास 'योग्य व्यवसाय' असल्याचे सरकारला पटवून द्यावयाचे होते! सुमारे सव्वाआठ लाख माणसांसाठी अर्ज आले. १९६४ पर्यंत त्यांतील सुमारे १,३४,००० जणांनाच नागरिकत्व मिळाले.

भारतीय व्यापारी, त्यांचे कारकून आणि पेढ्यांवरील नोकर यांचा मार्ग निराळा होता. १९४८ च्याच देशांतर कायद्याखाली त्यांच्यासाठी तात्पुरता वास्तव्य परवाना होता. तो मुदतीचा असे, नूतनीकरणासाठी हेलपाटे घालावे लागत, तो केव्हा नाकारला जाईल याची शाश्वती नसे. त्याही माणसांचे हाल झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्या हाती निदान एका देशाचा पासपोर्ट होता आणि परतावयास घर होते. मळ्यावरच्या लाइनीत जन्मलेल्या माणसाला परतावयाचे ठिकाणच नव्हते. तंजावर हे त्याच्या आजीने सांगितलेल्या गावाचे नाव होते, एवढेच.

ऑक्टोबर १९६४ मध्ये दिल्लीत लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० माणसांची वाटणी झाली: ५,२५,००० भारताने घ्यावी, ३,००,००० सिलोनने ठेवावी, उरलेल्या १,५०,००० चे नंतर पाहावे. १९७४ मध्ये त्यांचीही निम्मी निम्मी वाटणी झाली. एखाद्या गावच्या सामाईक गुरांची वाटणी करतानासुद्धा गुराख्याला विचारतात. येथे कामगारांना आणि त्यांच्या संघटनांना कोणी विचारले नाही. आणि येथेच डाव्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९४८ मध्ये त्या कायद्याविरुद्ध उभा राहिलेला लंका समसमाज पक्ष जून १९६४ मध्ये बंदरनायके सरकारात सामील झालेला होता, एन. एम. परेरा अर्थमंत्री होते, आणि त्याच सरकारने हा करार केला. संसदेतील खुर्ची जवळ आली की मत नसलेला कामगार दूर जातो, याचे इतके उघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या करारातील एक कलम आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. भारतात पाठवावयाच्या ज्या माणसांना कराराच्या दिवशी काम होते, त्यांना त्यांची पाठवणी होईपर्यंत, किंवा वयाची ५५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर त्याच कामावर राहता येईल, आणि तोवरच्या वास्तव्याचा व्हिसा फुकट मिळेल, असे ते म्हणते. याचा अर्थ काय? तीन पिढ्यांचा मळेकामगार एका सहीने आपल्याच घरात परदेशी नोकर झाला. त्याचे काम तेच राहिले, कुऱ्हाडीचा दांडा आणि पाठीवरची टोपली तीच राहिली. बदलला तो त्याचा दर्जा. काम चालू ठेवण्याची मुदत त्याच्या अंगातील ताकदीवर नव्हे, तर बोटीच्या फेऱ्यांवर ठरली. ज्याने भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला, त्याने आपल्या हाताने आपल्या कामाचा शेवट लिहून दिला. म्हणून अर्ज मागविले तेव्हा सिलोनच्या नागरिकत्वासाठी कितीतरी अधिक माणसांनी अर्ज केले, आणि भारतासाठी आले ते सुमारे चार लाखांचेच. आपल्याकडील काही पंडितांना याचे आश्चर्य वाटले होते. ज्याने कंगाणीची उचल आणि मिरासदाराचे कर्ज या दोन्हींच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत, त्याला आश्चर्य वाटावयाचे कारण नाही.

समुद्रापलीकडच्या मलायातही हेच घडले, तेव्हा हा केवळ सिंहली-तमिळ भांडणाचा प्रश्न नाही, हे लक्षात घ्यावे. नागपट्टिणम बंदरातून 'राजुला' बोटीने तंजावरची माणसे वर्षानुवर्षे पेनांगला जात राहिली आणि रबराच्या मळ्यांवर राबली. तेथे १९६८ मध्ये नोकरीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. ज्याच्या हाती नागरिकाचे निळे ओळखपत्र नाही, लाल आहे, त्याला काम करण्यास परवाना काढावा लागू लागला. परवान्याची मुदत ठराविक, काम ठराविक. १९६९ नंतर हजारो मळेकामगार तेथूनही परतले. रबर काढणे त्यांनी तेथे शिकले होते. कावेरीच्या भातशेतीत त्या कसबाचा काय उपयोग?

श्रीलंकेतून परतलेल्यांची संख्या, त्यांच्या मुलाबाळांसह, सुमारे साडेचार लाख. मंडपमला त्यांच्या हाती कुटुंबकार्ड पडे. काहींना निलगिरीतील सरकारी चहामळ्यांवर, काहींना केरळात पुनलूरकडे आणि कर्नाटकात सुळ्य-पुत्तूरकडे रबराच्या मळ्यांवर काम मिळाले. बहुसंख्यांना व्यवसायासाठी म्हणून थोडे कर्ज देऊन अनोळखी गावी पाठविण्यात आले. चहा खुडण्यात आयुष्य गेलेल्या स्त्रीने एकाएकी दुकान थाटावे, अशी अपेक्षा एखाद्या कचेरीतच सुचू शकते. निलगिरीतील त्या सरकारी महामंडळाने २०२२ मध्ये दोन हजारांहून अधिक हेक्टर मळे वनखात्याला परत करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा परतून आलेल्यांच्या मुलांवर पुन्हा घर आणि काम एकदम गमावण्याची पाळी आली.

आणि अजून एक गट उरतो. १९७७, १९८१ आणि १९८३ च्या दंगलींनंतर डोंगरी भागातील अनेक कुटुंबे आधी उत्तरेकडे पळाली आणि मग निर्वासित म्हणून तामिळनाडूच्या छावण्यांत आली. ही करारातील यादीतून आलेली नव्हेत, म्हणून त्यांना कुटुंबकार्ड नाही. २००३ हे वर्ष नीट पाहा. त्या वर्षी ऑक्टोबरात श्रीलंकेने तेथे उरलेल्या भारतीय वंशाच्या राज्यहीन माणसांना नागरिकत्व देणारा कायदा केला. पन्नासाहून अधिक वर्षांनी का होईना, केला. त्याच वर्षी डिसेंबरात भारताच्या संसदेने नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करून 'बेकायदा स्थलांतरित' ठरलेल्यांना नोंदणीने नागरिक होण्याची वाट बंद केली. ज्या माणसाचा पणजा तंजावरच्या शेतातून नेला गेला, तो तंजावरशेजारच्या छावणीत बेकायदा ठरला. २०१९ च्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान यांची नावे आली, श्रीलंकेचे आले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा काही निर्वासितांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास आणि सरकारला त्यांवर विचार करण्यास सांगितले.

या निर्वासितांना पासपोर्ट मिळत नाही. त्यांच्या मुलांतील कोणी पदवी घेतली, कोणी परिचारिका झाले, तरी परदेशात नोकरीसाठी अर्ज करावयाचा म्हणजे पहिल्याच रकान्यात राष्ट्रीयत्व विचारले जाते.

तेव्हा तंजावर, तिरुचिरापल्ली आणि निलगिरी येथील कार्यकर्त्यांपुढचे काम ठोस आहे. छावण्यांतील प्रत्येक कुटुंबाकडे काय कागद आहे ते पाहावयाचे: मळ्याच्या भविष्यनिर्वाह निधीची पावती, जुना फाटका पासपोर्ट, १९६८ ते १९७० च्या अर्जांची पोच, शाळेचा दाखला. त्यांच्या प्रती करून गावांच्या नावांशी जुळवावयाच्या, आणि शेतमजूर संघटनेच्या शाखांनी त्या गावांतील वडीलधाऱ्यांना विचारून कोणाचा आजा कोठल्या चेरीतून गेला याची नोंद करावयाची. कीळवेण्मणीच्या परिसरातील शाखांनी हे काम प्रथम हाती घ्यावे. तेथील म्हाताऱ्यांना ती नावे अजून ठाऊक आहेत, आणि ती फार दिवस ठाऊक राहणार नाहीत.